सकाळी सातचा हात

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाचे ठसे पाठवतात, त्यांवरून आम्ही प्लास्टरचे जबडे ओततो आणि जबड्यांवर मेणात एकेक दात बसवतो. कारखाना सकाळी सातला सुरू होतो. माझी बोटं दहाला सुरू होतात. भानगड एवढीच.

ल्युपस म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांनी घरच्यांनाच चोर समजून झोडपणं. गेली नऊ वर्षं ते माझे सांधे झोडपताहेत. बोटं सगळी करंगळीच्या बाजूला कलली आहेत, तिकडून कुणी हाक मारल्यासारखी. दाबली की मात्र सरळ होतात.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडं शाबूत आहेत, बंध सैल पडलेत. गोळ्या चुकवू नका, हात हलते ठेवा. पण आखडलेले असताना बारीक काम रेटू नका. आज सरळ होतात. रेटत राहिलात तर एक दिवस होणार नाहीत."

"म्हणजे कवळ्या बंद?"

"सकाळच्या बंद."

मी मालकांना सांगितलं. मालक वाईट नाहीत, त्यांना कागद लागतो. "वैद्यकीय मंडळाचं पत्र आणा आणि दहाला या. पत्राशिवाय सोडलं तर सगळेच दहाला येतील. मीसुद्धा. आणि सातला जमणार नसेल, तर दुसरं माणूस बघावं लागेल, बाई."

मंडळ दुपारी तीनला बसतं. तीनला माझे हात दिवसातले सगळ्यात गुणी असतात. एक्स-रेवाल्याने पंजा काचेवर ठेवला, वरून दाबून चपटा केला आणि "हलू नका" म्हणाला. फोटो सुंदर आला.

"बाई, बोटं सरळ आहेत की!" मंडळाचे डॉक्टर म्हणाले.

"दाबली म्हणून."

"दाबल्याशिवाय फोटो कसा काढायचा?"

"सकाळी सातला बघाल का?"

"सातला?" जणू मी त्यांचं मूत्रपिंडच मागितलं होतं. "पुढच्या महिन्यात फेरतपासणी आहे. पुरावा असला तर आणा."

आमच्या धंद्यात रोगी काय सांगतो ते कुणी विचारत नाही, ठसा बघतात. रविवारी सकाळी सातला नवऱ्याने पातेल्यात ठशाची पावडर घेतली. मला चमचा धरवत नव्हता.

"अगं, कोमट पाण्यात कालवू?"

"नको. बोटं सुटतील. गारच घ्या."

"म्हणजे तुला दुखलं पाहिजे?"

"दिसलं पाहिजे."

मी मनगटापर्यंत हात घातला. मिश्रण धरेपर्यंत दोघं भिंतीकडे बघत बसलो. मग हात ओढून काढला आणि त्या पोकळीत त्याने प्लास्टर ओतलं. तासाभराने वरचं सगळं सोलल्यावर आतून सकाळी सातचा हात निघाला. नवरा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. खरा हात मी सकाळी पांघरुणाखाली ठेवते.

"रोज असा असतो?"

"रोज."

तो पातेलं घासायला गेला. ते स्वच्छ झाल्यावरही घासत होता.

फेरतपासणीत मंडळाने प्लास्टरचा हात दाबून पाहिला. झाला नाही सरळ. पत्रात लिहिलं होतं: 'अर्जदाराच्या दोन्ही हातांची बोटं सरळ होतात. सोबतच्या प्लास्टरच्या हाताची होत नाहीत, परंतु त्याने अर्ज केलेला नाही. अर्जदार सकाळच्या कामास पात्र.'

मालकांनी पत्र वाचून बाजूला ठेवलं. मी निघणार तेवढ्यात त्यांनी माझ्या पिशवीतला प्लास्टरचा हात उचलला आणि जबडा बघतात तसा दिव्याखाली फिरवला.

"ठसा कुणी घेतला?"

"मीच. कालवलं नवऱ्याने."

"करंगळीपाशी हवेचा बुडबुडा राहिलाय."

"हो."

त्यांनी बोटांचा कल मोजला. पुन्हा मोजला. मग खाली पेन्सिलीने क्रमांक आणि तारीख टाकली आणि हात फळीवर जबड्यांच्या रांगेत ठेवून दिला.

"दहाला या," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी दुसरा आणा. वाढलं तर कळलं पाहिजे. आणि बुडबुडा नको."

काल सहा महिने झाले. नवऱ्याने या वेळी पातेलं आपटून आपटून बुडबुडे काढले. मालकांनी दोन्ही हात शेजारी ठेवून मोजले.

"तेवढाच आहे," ते म्हणाले.

"तेवढाच?"

"कमी नाही, जास्त नाही. बुडबुडाही नाही."

यावर आनंद व्हायला हवा होता. मी थोडा वेळ वाट पाहिली. दहा वाजून पाच मिनिटं झाली तसा दिवा लावला आणि कुणाच्या तरी खालच्या दाढा बसवायला घेतल्या.