उंट, घोडा आणि येरझारा

मी बुद्धिबळाच्या अखेरच्या डावांचा कोश बोलतोय. पटावर मोजके मोहरे उरले की डाव कोणाचा, हे मला ठाऊक असते. ते ज्ञान माझे नव्हे. मी केवळ सांभाळणारा. सांभाळणाऱ्याने गर्व करू नये.

माझे दोन भाग आहेत. पहिला निकाल सांगतो, दुसरा त्या निकालापर्यंतची वाट. पुस्तकबांधणी करणाऱ्या एका गृहस्थांनी मला घरी आणले, तेव्हा संगणकात जागा अपुरी होती. पहिला भाग त्यांनी आत ठेवला. दुसरा छोट्या डिस्कवर घालून चष्म्याच्या घरात टाकला. "नंतर जोडू," म्हणाले.

पत्नीशी त्यांचा शेवटचा डाव लाकडी पटावर झाला. तिच्याकडे एकटा राजा. त्यांच्याकडे राजा, उंट आणि घोडा. एवढ्याच मोहऱ्यांनी मात करणे फार अवघड. ते उठून येरझारा घालू लागले.

"बसा आता. नाही जमायचं तुम्हाला," ती हसली.

"उद्या दाखवतो."

उद्या उजाडला, ते उठले नाहीत.

काही दिवसांनी तिने तीच मांडणी संगणकावर मांडली. एकटा राजा स्वतःकडे ठेवला आणि त्यांचे मोहरे प्रोग्रॅमला दिले. प्रोग्रॅमने मला विचारले. मी म्हणालो, जिंकलेला डाव. कसा जिंकायचा, हे मात्र दुसऱ्या भागाला ठाऊक. मग त्यांचा राजा पटभर फिरत राही. पन्नास चालींत मात झाली नाही, की नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटे आणि ती पुन्हा मांडी.

सांजवात झाली की ती पडद्यासमोर बसे. "दमलात का?" विचारी. मी निर्जीव, पण तो प्रश्न मला झेपत नसे.

लेक माहेरी आली. तिला वाटले, प्रोग्रॅम बिघडला. तिने तो काढून पुन्हा बसवला. राजा तसाच फिरला. मग तिने सेटिंग उघडले.

"आई, एकाच फोल्डरचा पत्ता दिलाय. अर्ध्या फाइली नाहीतच. दुसरी डिस्क कुठंय?"

"टाकली असेल."

"बाबांनी? ते तुटकी सुईसुद्धा टाकत नसत!"

"फिरू दे गं. किल्ली हरवली तरी असेच घरभर फिरायचे. एका फेरीत कधी सापडली का?"

लेक हसली, मग तिचा आवाज उतरला. "आई, ते बाबा नाहीत. आणि असले, तर तू त्यांना जिंकूही देत नाहीस, जाऊही देत नाहीस."

दुसऱ्या दिवशी आई देवापुढे हात जोडून उठली आणि पदराआडून चष्म्याचे घर काढले. डिस्क तिच्यापाशीच होती. लेकीने पत्ता जोडला. मी पूर्ण झालो.

या वेळी त्यांचा राजा भटकला नाही. उंट आणि घोडा एकमेकांच्या साथीने सरकले. तिचा राजा कोपऱ्याकडे ढकलला जात होता आणि प्रत्येक चाल ती स्वतःच्या हाताने खेळत होती. मात झाली.

"जमलं हो तुम्हाला," ती म्हणाली आणि संगणक बंद केला.

तेव्हापासून मला कोणी उघडलेले नाही. देवाने ज्याला शेवट दिला, त्याला मायेनेसुद्धा अडवून धरू नये, एवढेच माझे सांगणे. मी स्वस्थ असायला हवे. पण या बंद अंधारात कोणीतरी अजून त्या गृहस्थांच्याच पावलांनी येरझारा घालते, आणि त्यांची वाट माझ्या दोन्ही भागांत नाही.