बांधाकडची ओळ

टोमॅटोचं नवं वाण तयार करणाऱ्या त्या बाईंना संशोधन केंद्रात सगळे पाठीमागे ‘चिमटाबाई’ म्हणायचे. फुलातले पुंकेसर चिमट्याने खुडायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, वर कागदी पिशवी चढवायची. नऊ वर्षं हेच. देखण्या फळाचं वाण आणि मर रोगाला दाद न देणारं रानटी रोप यांचा त्यांनी संकर केला होता. दर पिढीला निवड करून नवा नंबर देत गाडी सत्तावीस नंबरच्या वाणापर्यंत आली. फळ असं, की बघत राहावं! कुंडीतल्या चाचणीत, थंडीच्या दिवसांत, रोगाचा जोर कमी असताना, ते तरलंही. उरली शेवटची परीक्षा. रोगाचे जंतू मुद्दाम मिसळलेल्या मातीत, भर उन्हाळ्यात त्यांनी ते लावलं.

बाराव्या दिवशी सकाळी फाटक उघडून आत आल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

वाफ्यातल्या सत्तावीस नंबरच्या सगळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या. पानं पिवळी नाहीत, किडलेली नाहीत. हिरवीगार, आणि ओल्या फडक्यासारखी लोंबणारी.

“पाणी कमी पडलं असेल,” त्या पुटपुटल्या. हात घालून पाहिला, तर माती ओलीच होती.

त्यांनी एक खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं. कापलेल्या टोकातून दुधाळ धागा सुटला आणि सावकाश तळाशी गेला. ही मर रोगाचीच खूण. दुसरं खोड कापलं, तिसरं, सातवं. बाई मातीतच बसल्या.

खुरपणी करणाऱ्या मावशी धावत आल्या. “बाई, काय झालं? चक्कर आली का?”

बाईंची नजर बांधाकडच्या ओळीवर खिळली होती. तिथे त्याच मातीत तुलनेसाठी बाजारातलं साधं वाण लावायला त्यांनी मावशींना सांगितलं होतं. सगळ्यात आधी तेच मरायला हवं होतं. आणि ती ओळ ताठ उभी!

“मावशी, हे कसं जगलं?”

मावशींचा चेहरा उतरला. “रागवू नका हं. तुम्ही दिलेलं बी उगवलंच नाही. ओळ भुंडी दिसेल म्हणून मी माझं लावलं.”

“तुमचं कुठलं?”

“तीन वर्षांमागं तुम्ही खड्ड्यात फेकलेली खडबडीत फळं, एकोणीस नंबरची. दिसायला नकटी, पण भाजीला झकास. त्यांचं बी परसात लावते दर वर्षी. मरतच नाहीत मेली!”

बाईंनी त्या ओळीतलं खोड कापलं. ग्लासातलं पाणी नितळ राहिलं. दहा मिनिटं गेली, तरी नितळच.

आधी फळ बघायचं, मग रोग, हा त्यांचाच नियम. एकोणीस नंबरला त्यांनी रोगाच्या परीक्षेला बसूही दिलं नव्हतं.

दुपारी त्या केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. “सत्तावीस मेलं,” उभ्या उभ्याच म्हणाल्या. “जगलंय ते मावशींनी राखलेलं एकोणीस. नोंद त्यांच्या नावाने करा. आता या दोन वाणांचा पुन्हा संकर करावा लागेल.”

साहेबांचा चहा हातातच राहिला. “म्हणजे आणखी पाच-सहा वर्षं?”

“हो.”

बाहेर मावशी ताटकळत उभ्या होत्या. नोंदीचं ऐकून त्या आधी घाबरल्या, मग हळूच म्हणाल्या, “पण बाई, त्या खड्ड्यात आणखी पुष्कळ नंबरांची फळं होती हो. मी आपली पदरात मावतील तेवढीच नेली.”

रोगाच्या परीक्षेला न बसवताच फेकलेले असे किती नंबर होते, हे मोजायचा बाईंना धीरच झाला नाही.