राबिघच्या कॅम्पातली मतपेटी

मित्रांनो, सौदीतल्या राबिघच्या लेबर कॅम्पात, मेसच्या मागच्या भिंतीशी मी उपडा पडलेला असतो आणि कामावरून दमून आलेली माणसं माझ्यावर टेकतात. त्यातल्या नव्या माणसांना मी काय होतो हे ठाऊक नाही. मी एक जुना, तोटीचा, केशरी रंगाचा पाण्याचा जार आहे. माझ्या झाकणात एक लांबट चीर आहे. ती कशी पडली, ते सांगतो.

जेद्दाच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात मी घडलो आणि तिथून रिफायनरीच्या बांधकामावर आलो. रोज सकाळी मला बर्फाने आणि पाण्याने काठोकाठ भरत. मग एक मूठ नागेश धरी, दुसरी मुस्तफा. नागेश गुहागरचा पाइपफिटर. मुस्तफा हर्णैचा, क्रेनला जड सामान बांधून देण्यात तरबेज. नागेश मितभाषी, तर मुस्तफाच्या तोंडाला खळ नसे. वाटेत भेटेल त्याच्याशी तो हिंदीत नाहीतर मोडक्यातोडक्या अरबीत बोले. उन्हात होरपळलेली माणसं माझ्यासमोर ओंजळ धरत आणि पाणी पिऊन झालं की ओला हात माझ्या अंगावरून फिरवत. तेवढं कौतुक मला पुरे होतं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात कॅम्पातल्या पाण्याला वास येऊ लागला. टाकी कधी धुतलीच नव्हती. माणसं पोट धरून बसू लागली, तरी भर दुपारचं काम काही थांबेना. नागेशच्या खोलीत साताऱ्याकडचा केरू नावाचा वेल्डर राहत होता. जुलाबांनी तो पार गळून गेला होता. सुट्टी मागितली, मिळाली नाही. तसाच परांचीवर चढला आणि उन्हात कोसळला. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅम्पातलं कुणीच कामावर नेणाऱ्या बसमध्ये चढलं नाही.

मग मॅनेजर आला. घोळक्याशी मी बोलणार नाही, तुमचा एक प्रतिनिधी निवडा, त्याच्याशी बोलेन, त्याला काही त्रास होणार नाही, असं म्हणाला. माणसांना ते पटलं आणि ती कामावर परतली. ठरलं असं, की आधी एकेका भाषेच्या लोकांनी आपापला उमेदवार निवडायचा आणि मग त्या उमेदवारांतून साऱ्या कॅम्पाने एक.

मराठी माणसांत दोन नावं पुढे आली, नागेश आणि मुस्तफा. केरू नागेशच्या खोलीतला, त्याला खांद्यावर घेऊन धावला तोही नागेशच. हा मान आपला, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण शुक्रवारी जेवणानंतर मेसमध्ये हात वर झाले, तेव्हा मुस्तफाकडे थोडे जास्त भरले. मुस्तफाला अरबी येते, तो सगळ्यांशी बोलू शकतो, असं लोकांचं म्हणणं. नागेश उठला. ताट उचलून निघून गेला.

दुसऱ्या सकाळी त्याने माझ्या मुठीला हात लावला नाही. मुस्तफा थोडा वेळ वाट बघत उभा राहिला, मग मला एकट्यानेच छातीशी धरून बसपर्यंत नेलं.

साऱ्या कॅम्पाच्या मतदानाला पेटी हवी होती. मुस्तफानेच तापवलेल्या सुरीने माझ्या झाकणात चीर पाडली. मला वाईट वाटलं नाही. सगळ्यांना एकमेकांची लिपी वाचता येत नव्हती, म्हणून उमेदवारांना चित्रं दिली होती. कुणाला हातोडा, कुणाला हेल्मेट. मुस्तफाला घागर मिळाली. पुढच्या शुक्रवारी दिवसभर माणसं रांगेने येत होती, घडी घातलेल्या चिठ्ठ्या माझ्यात टाकत होती. नागेश सर्वांत शेवटी आला. त्याने चिठ्ठी हातात नुसतीच फिरवली, कोरीच आत टाकली आणि गेला.

तरी मुस्तफा निवडून आला. केरळची माणसं, आंध्रची माणसं, पेशावरकडचे पठाण, सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. त्याने मॅनेजरकडे दोनच गोष्टी मागितल्या, टाकी धुवा आणि दुपारी उन्हात काम बंद ठेवा. मॅनेजरने मान डोलावली, चहाही पाजला.

तो आठवडा संपायच्या आत कंपनीची गाडी मेससमोर येऊन उभी राहिली. मुस्तफाच्या पासपोर्टवर एक्झिटचा, म्हणजे कायमचं मायदेशी धाडण्याचा, शिक्का पडला होता. कपडे भरायला जेमतेम वेळ दिला. खोल्यांची दारं बंद होती. आत माणसं होती, सगळ्यांना कळलं होतं, पण बाहेर कुणी आलं नाही. नागेश मेसच्या दारात, माझ्या शेजारी उभा होता. मुस्तफाने गाडीत चढताना वळून पाहिलं आणि हात वर केला. नागेशचा हात उचलला गेला नाही.

त्यानंतर कंपनीने पुन्हा निवडणुकीची सूचना लावली. मला पुसून टेबलावर ठेवलं. पण कुठल्याच भाषेच्या माणसांनी नाव दिलं नाही. कामगार समाधानी आहेत, असं कंपनीने कळवलं आणि मला उचलून मागे टाकलं. चीर पडलेल्या झाकणातून धूळ आत जाते, म्हणून पाण्यालाही मी चालेना.

एका शुक्रवारी नागेश माझ्यावर येऊन बसला आणि त्याने हर्णैला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता.

"कोण आला निवडून?" मुस्तफाने विचारलं.

"कुणी उभंच राहिलं नाही."

"तू?"

"मीही नाही."

मग मुस्तफाने विचारलं, टाकी तरी धुतली का. नागेश नाही म्हणाला.

"मग पाणी उकळून पीत जा," मुस्तफा म्हणाला. "सगळ्यांना सांग."

फोन बंद झाल्यावरही नागेश उठला नाही. त्याचं अंग हलत होतं, ते मला कळत होतं. मेसच्या घंटेनंतर तो तोंड पुसून रांगेत जाऊन उभा राहिला.

मित्रांनो, टाकी अजून तशीच आहे, दुपारचं कामही चालू आहे, आणि यातलं काही बदलेल असं मला वाटत नाही. तुम्हाला धीट व्हा असं मी सांगत नाही, धीट माणसाचं काय झालं ते मी पाहिलं आहे. पण कुणी तुमच्यासाठी उभा राहिला आणि त्याला न्यायला गाडी आली, तर दार उघडून बाहेर या. निदान गाडीपर्यंत तरी त्याच्याबरोबर जा.