बाबागाडीचा राग

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. सध्या धूळ खात पडले आहे, पण माझी कीव करू नका. मला राग आला आहे, आणि तो कोणाचा ते ऐका.

कारखान्यात मला रबरी चाकं आणि मऊ गादी बसवली. घरात आले तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! त्याच दिवशी त्या घरात आणखी एक जण आली. ठकीला, म्हणजे घरातल्या तान्ह्या मुलीला सांभाळणारी मावशी. तिचं कौतुक कोणी केलं नाही.

ठरलं होतं फक्त मूल सांभाळायचं. हळूहळू धुणं आलं, मग पाहुण्यांची भांडी, मग बाईसाहेबांच्या चपला पुसणं. पगार मात्र जागचा हलला नाही. शेजारचा कुत्रा फिरवणाऱ्यालाही तिच्याहून जास्त मिळायचे. ठकी माझ्यात झोपली की मावशी जिन्याच्या पायरीवर बसून डबा खायची. सोफ्यावर बसायची तिला मुभा नव्हती. "मावशी अगदी घरच्याच आहेत," असं बाईसाहेब चारचौघांत सांगायच्या. ऐकून माझा तिळपापड व्हायचा.

पुढे माझा ब्रेक ढिला झाला. मावशीने पुन्हापुन्हा सांगितलं. "बघू हो," म्हणून साहेबांनी कानाडोळा केला.

एका सकाळी फाटकाबाहेरच्या उतारावर बाईसाहेबांनी माझा दांडा धरला होता. फोन वाजला, त्यांनी दांडा सोडला आणि मी ठकीला घेऊन थेट रस्त्याकडे सुटले. मावशी जिवाच्या आकांताने धावली आणि माझ्यापुढे आडवी पडली. ठकीला ओरखडाही आला नाही. मावशीचं मनगट मोडलं.

संध्याकाळी शेजारणी जमल्या. बाईसाहेब म्हणाल्या, "मावशींच्या हातून सुटली हो गाडी! वय झालंय, दुसरं काय?"

मावशी प्लास्टरचा हात घेऊन उभी होती. "ताई, दांडा तुमच्या हातात होता."

"तोंड वर करून बोलता? हात बरा होईपर्यंत घरी बसा, बिनपगारी. घरच्यासारखं वागवलं, त्याचे हे पांग फेडलेत!"

"घरच्या माणसाला जिन्यात जेवायला बसवतात होय?"

शेजारणी खाली बघू लागल्या. मावशीने ठकीचा गाल कुरवाळला आणि ती निघून गेली.

पण ती गप्प बसली नाही. बागेत इतर घरांतली मुलं खेळवायला येणाऱ्या सगळ्या कामाच्या बायकांना तिने घडलेलं सांगितलं. त्यानंतर त्या घरी कामाला एकही बाई फिरकली नाही. बाईसाहेबांना रजा काढून घरी बसावं लागलं. ठकी रडायची आणि त्याही रडायच्या. शेवटी साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून मावशीला फोन लावला. "या ना परत. पगार वाढवू थोडा."

पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "आधी माझ्या औषधपाण्याचं बोला. आणि गाडी कोणी सोडली, ते त्याच शेजारणींपुढे सांगा."

साहेबांनी फोन बंद केला आणि मला लाथेने जिन्याखाली ढकललं.

मावशीला दुसरीकडे काम मिळालं, पण हात अजून नीट वळत नाही म्हणे.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला म्हणून मी हात जोडणार नाही. तुम्हाला भरवणारी, झोपवणारी कोणी तुमच्या घरी असेल, तर पाहुणे बसलेले असताना आईबाबांना मोठ्याने विचारा, "तिला किती देता?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.