पहिला पेला जावईबापूंना

मी एक स्टीलचं पिंप. पोटात बिअर भरतात म्हणून मला मन नसेल असं समजू नका. माझ्या मनात वर्लिन क्रूगरबद्दल राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझी उमेदीची वर्षं सरबताच्या कारखान्यात गेली. पुढे भंगारात पडलो, तेव्हा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या या वर्लिननं मला उचललं. घरी बिअर बनवायचा त्याला नाद. मला वाटलं, आपले दिवस पालटले.

कसलं काय! माझ्या डोक्यावर दोन तोंडं आहेत. एकातून गॅस आत जातो, दुसऱ्यातून बिअर बाहेर येते. दिसायला सारखी, मापाला केसभर वेगळी. वर्लिननं बिअरच्या नळीची टोपी गॅसच्या तोंडावर हातोडीनं ठोकून बसवली. रबरी वायसर चिरला, गॅस गळू लागला. नवा वायसर आणायचं सोडून तो बायकोला म्हणाला, "लोर्ना, हे पिंपच भिकार आहे. कापतो आणि त्यात टोमॅटो लावतो." वर एक लाथही घातली.

त्याच दिवशी मी ठरवलं, याला बघून घ्यायचं.

संधी चालून आली. लोर्नाचे वडील ओटो चाळीस वर्षं बिअरच्या कारखान्यात राबलेले. जावयाच्या हातची बिअर त्यांनी कधी तोंडाला लावली नव्हती. त्यांनी कौतुकाचा एक शब्द काढावा म्हणून वर्लिन जीव तोडून धडपडत होता. रविवारी सगळ्या कुटुंबाचा तळ्याकाठी सॉसेज भाजायचा बेत ठरला. बिअरमध्ये गॅस मुरायला आठवडा लागतो, या शहाण्याला आठवण झाली शनिवारी. त्यानं तिप्पट दाब सोडला, मला मांडीवर घेऊन घुसळलं आणि सकाळी तसंच गाडीत टाकलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी मनापासून डचमळलो.

ओटोंनी पेला पुढे केला. वर्लिननं गॅसची टाकी जोडून तोटी उघडली आणि मी सगळा राग ओकलो. फेस पेल्यात, ओटोंच्या मिशीत, शर्टावर, सॉसेजवर. वरून चिरलेल्या वायसरमधून मी शिट्टीही वाजवली.

"बाबा, दोष या भंगाराचा आहे!" वर्लिन ओरडला.

ओटोंनी मिशी पुसली आणि तोटीची नळी हातात धरली. "ही वीतभर नळी? अरे, माणसाच्या उंचीची हवी, दाब तिच्यात मरतो. आणि दाबाचा काटा तिसावर? दहा पुरे." मग त्यांनी साबणाचं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. गॅस गळत होता तिथे भराभर बुडबुडे आले. वायसर नखानं उचकटून त्यांनी वर्लिनच्या तळहातावर ठेवला. "जावईबापू, पिंप खणखणीत आहे. घाई तुमची, आळसही तुमचाच."

सगळे हसले, लोर्नाही. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

ओटो मला आपल्या घरी घेऊन गेले. नवा वायसर, लांब नळी, थंडगार कपाट. आता बिअर संथ उतरते, वर दोन बोटं फेस. पण नळीत राहून तापलेली बिअर पहिल्या पेल्यात फसफसतेच. हे ओटोंना ठाऊक आहे, मलाही.

दर रविवारी वर्लिन येतो. "पाहुण्याला आधी," असं म्हणत ओटो तोच पेला त्याच्या हातात देतात. तो नाकाला लागलेला फेस पुसतो आणि म्हणतो, "फार सुरेख, बाबा."

म्हणू दे. माझं मन अजून भरलेलं नाही.