‘ले मिमोझा’पासून पूर्वेला पंधरा मीटर

“माझ्या दारात पिवळा रंग कुणी फासला?”

मिस रनूफनी काठीची मूठ काउंटरवर आपटली. मार्लीन त्या वेळी एका कुत्र्याच्या परवान्यावर शिक्का मारत होती, तो तिरका उमटला. पॅरिश हॉल, म्हणजे गावची कचेरी, उघडून जेमतेम दहा मिनिटे झाली होती.

“बसा ना, मिस रनूफ.”

“बसायला नाही आले मी. शनिवारी शहरातून दोघं जण आले, डबा-ब्रश घेऊन. मला वाटलं, खड्डे बुजवतायत. बघते तर कुंपणापासून पार गटारापर्यंत पिवळी रेघ! आज नर्सबाई विचारते, गाडी कुठे लावू? म्हटलं, लाव माझ्या डोक्यावर!”

कुत्रेवाला गृहस्थ हसला. मार्लीनला हसू आले नाही. सकाळी मुलीला शाळेत सोडताना तिने कोपऱ्यावर पाहिले होते. तिथे रेघ नव्हती. रंगारी अजून आले नसतील, असे ती धरून चालली होती.

“कुठल्या घरासमोर म्हणालात?”

“माझ्या. ले मिमोझासमोर. दोन-चार घरं आहेत काय मला?”

मार्लीनने शिक्का खाली ठेवला.

शाळेच्या कोपऱ्यावरच्या मोठ्या दगडी घरात मिस रनूफनी चाळीस वर्षे काढली होती. गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर तीन वर्षांपूर्वी त्यांनी ते विकले आणि त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक बैठे घर घेतले. जाताना फाटकावरची पाटी स्क्रू काढून बरोबर नेली. नाव आईने ठेवलेले होते, ते घराबरोबर विकलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. नव्या मालकांनी ‘सी ब्रीझ’ अशी पाटी लावली. तिथून समुद्र दिसत नाही, शेतकरी क्लिफर्डचे बटाट्याचे शेत दिसते. पण सेंट माग्लुआर पॅरिशमध्ये घरांना नंबर नाहीत, नुसती नावे आहेत, आणि लोकांच्या तोंडी बसलेले नाव पाटीबरोबर हलत नाही. कोपऱ्यावरचे घर ते ले मिमोझाच.

रस्ते समितीत सगळे तसेच म्हणाले. मार्लीनने टाइपही तसेच केले: ‘ले मिमोझाच्या पश्चिम फाटकापासून पूर्वेला पंधरा मीटर, वाहने उभी करण्यास मनाई.’ पॅरिशच्या सभेने त्यावर हात वर केले. कागद मंत्र्यांकडे गेला, सही होऊन परत आला. वाचताना एकही माणूस अडखळला नाही, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तीच भिंत होती. चुकले नाहीत ते फक्त रंगारी. ते बाहेरचे होते, त्यांनी पाटी वाचली.

त्या पंधरा मीटरसाठी मार्लीन दीड वर्ष झगडली होती. कोपऱ्यावर पदपथ संपतो आणि शाळेसाठी रस्ता ओलांडावा लागतो. तिथेच दुकान. बेकन-पाव घ्यायला थांबणाऱ्यांच्या गाड्या अशा लागतात, की वळणावरून काय येते आहे ते पाहायला रस्त्यात पुढे जाऊन मान काढावी लागते. दीड वर्षापूर्वीच्या नोव्हेंबरात तिने तशी मान काढली, आणि एका व्हॅनच्या आरशात ओदीलच्या दप्तराचा पट्टा अडकला. पोरगी गुडघ्यांवर आपटली. फक्त खरचटले. व्हॅनवाल्याला तर कळलेही नाही. घरी आल्यावर ओदीलने गुडघ्यावरची पट्टी कौतुकाने बापाला दाखवली. मार्लीनने घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. तेव्हापासून तो कोपरा आला की ती ओदीलचे मनगट धरी. हात नव्हे, मनगट. हात निसटतो.

पॅरिशप्रमुख मिस्टर पर्शार साडेदहाला आले. मार्लीनने कोट काढू न देताच त्यांच्यापुढे आदेशाचा कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि खो-खो हसत सुटले. मग तिच्याकडे पाहून थांबले.

“रंग खरवडता येईल गं. आदेश कसा खरवडणार?”

“एकच शब्द बदलायचाय, मिस्टर पर्शार.”

“एका शब्दालाही समिती लागते. समिती जूनमध्ये, सभा सप्टेंबरात, मग मंत्री. सगळं सुरळीत झालं तर पुढच्या ईस्टरपर्यंत.”

“तोवर पोरांनी काय करायचं?”

“आजवर काय करत होती?” ते म्हणाले, आणि मग, खरोखर काही मनात नसताना, “तूच टाइप केलं होतंस ना ते?”

ते आत गेले. मार्लीन बराच वेळ तो शब्द पाहत बसली. बारा वर्षांत तिच्या हातून वाहन परवान्यावरचे एक नाव चुकले नव्हते. ‘हाक्वॉयल’ आडनावाचे शेवटचे अक्षर, ‘ले ब्रॉक’मधली मोकळी जागा, सगळे ती तपासून घेई. आणि इथे, जिथे आपले पोटचे पोर रस्ता ओलांडते, तिथे आपण पाटी वाचायला गेलो नाही.

दुपारी तिला एक युक्ती सुचली. कायद्यातले नाव बदलत नसेल तर घराचे बदलावे. ती सी ब्रीझचे फाटक उघडून गेली. बँकेत काम करणाऱ्या त्या तरुण मालकाने तिला कॉफी दिली, सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे मी ती पाटी लावली की रेघ माझ्या दारात येणार?”

“हो. म्हणजे... कोपऱ्यावर येणार.”

“कोपरा म्हणजे माझंच दार ना, मॅडम?”

मिस रनूफनी तर पुरते बोलूही दिले नाही. “नाव देऊन टाकू? आईचं? हे बघ पोरी, रेघ मी सोसीन. रोज शिव्या देईन, पण सोसीन.”

मंगळवारी सकाळी साडेआठला मार्लीनने ओदीलला शाळेत सोडले, परत रस्ता ओलांडून आली आणि भिंतीच्या कडेने, जिथे रेघ असायला हवी होती तिथे, उतरून उभी राहिली. तिने काही ठरवले नव्हते. मागून अजून पोरे येत होती, एवढेच.

प्लंबर रेजी हाक्वॉयलची व्हॅन आली. तो शाळेत तिच्या पुढच्या बाकावर बसायचा.

“सरक गं. दोनच मिनिटं.”

“नाही लावायची इथे.”

“का? रेघ कुठाय?”

“मीच रेघ.”

“आयला!” रेजी हसला. “पण तू पिवळी कुठे आहेस?” तो व्हॅन पुढे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशीही हसला. तिसऱ्या दिवशी हसला नाही.

दोन आठवडे ती रोज पंचवीस मिनिटे उभी राहिली. कुणी हात केला, कुणी भोंगा वाजवला. “पॅरिशनं पगार वाढवला काय?” असे दुकानदाराने विचारले. नवरा म्हणाला, “बरोबर आहे तुझं, पण तू बरोबर असताना एखादी गाडी लागली तर?” एका सकाळी पावसाच्या झडीत रेजी व्हॅन हळूहळू पुढे आणत राहिला, अगदी तिच्या कोटाला टेकेपर्यंत. मार्लीनने दोन्ही हात उगारून बॉनेटवर धाडकन आपटले.

“वेडी झालीस काय?” काच खाली करून रेजी ओरडला. “मी दिवसाला चौदा घरं करतो! चहा प्यायला टेकत नाही! एक पाव घेतो मी इथे, एक पाव! तेवढाही तुझ्या डोळ्यात खुपतो?”

त्याचे ओठ थंडीने निळे पडले होते. तिला पहिल्यांदाच वाटले, हाही खरेच बोलतो आहे. पण ती हलली नाही.

तक्रार गुरुवारी आली. रेजीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात: ‘ले मिमोझासमोर भर रस्त्यात उभी राहून वाहतूक अडवते. गाडीवर हात टाकला.’ अशा तक्रारी पॅरिश हॉलमध्ये सेंतनिएपुढे जातात. सेंतनिए म्हणजे पॅरिशने निवडलेला, बिनपगारी पोलीस. आणि बोलावण्याचे पत्र टाइप करते ती कारकून.

‘प्रिय मिसेस अहिए,’ मार्लीनने स्वतःलाच उद्देशून टाइप केले. मग थांबली. स्थळ. तक्रारीतले जसेच्या तसे उतरवायचे, हा तिचा बारा वर्षांचा रिवाज होता. तिची बोटे काही वेळ तशीच अधांतरी राहिली. मग तिने घराचे नाव टाइप केले, पत्र छापले, पाकिटात घातले, वर स्वतःचा पत्ता लिहिला आणि तिकीट लावून पेटीत टाकले. ते दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याच घरी पोचले. ओदीलने ते उचलून आणले. “ममा, तुला कुणीतरी पत्र लिहिलंय!”

चौकशी बुधवारी संध्याकाळी सहाला. मार्लीनने नेहमीप्रमाणे खुर्च्या मांडल्या, किटली लावली, आणि मग कोट घालून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तिच्याआधी एक मुलगा होता, वेगाने गाडी चालवल्याबद्दल बोलावलेला.

“मिसेस अहिए.”

सेंतनिए क्लिफर्ड सिव्रे बटाट्याच्या शेतातून अंघोळ करून आला होता. नखांत माती तशीच होती. मार्लीनच्या बापाचा तो दोस्त. तिला लहानपणापासून ‘ए चिमणे’ म्हणणारा.

“तुम्ही दहा तारखेला सकाळी आठ पस्तीसला रस्त्यात उभ्या होतात?”

“तुम्ही? क्लिफर्डकाका, मला?”

“इथे असंच विचारावं लागतं.” त्याने मान वर केली नाही. “उभ्या होतात?”

“होते.”

“हाक्वॉयल यांच्या वाहनावर हात मारलात?”

“दोन्ही.”

त्याने कागद उचलून दिव्याकडे धरला. मग दुसरा कागद काढला, रेजीचा. दोन्ही शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“रेजीनं ले मिमोझा लिहिलंय. पत्रात सी ब्रीझ आहे.”

“हो.”

“हे कुणी...” तो थांबला. हे कुणी केले असणार, ते या खोलीत विचारण्यासारखे नव्हते. “त्यानं लिहिलं तसं ठेवलं असतंस, तर मला कागद फाडावा लागला असता. ले मिमोझासमोर तू कधी उभीच नव्हतीस. तिथं म्हातारी राहते.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मी सी ब्रीझसमोर उभी होते.” मार्लीनचा आवाज चढला. “एकदा पाटी न वाचता लिहिलं, त्याचं काय झालं बघितलंत ना? आता परत लिहू? स्वतःला सोडवायला? रेजीला सगळे हसले असते, आणि मग मी पण रेजीसारखीच, आपल्या सोयीपुरतं ‘दोनच मिनिटं’ म्हणणारी! कोपरा कुठाय ते निदान एका कागदावर तरी बरोबर असू दे.”

किटली उकळून आपोआप बंद झाली. क्लिफर्डने हळूहळू, मोठ्या अक्षरांत लिहायला घेतले, आणि लिहिता लिहिताच म्हणाला, “लेखी समज देतोय. परत रस्त्यात उभं राहायचं नाही. राहिलीस तर मला कोर्टात पाठवावं लागेल, चिमणे. मी पाठवीन.”

“माहीत आहे.”

“मान्य?”

“मान्य.” तिने सही केली. सगळे गेल्यावर तिने कप विसळले, समजेचा कागद फाइलमध्ये घातला आणि हॉलला कुलूप लावले.

दुसऱ्या सकाळी कोपऱ्यावर भाजीची एक गाडी उभी होती, तिच्यामागे रेजीची व्हॅन. पदपथ जिथे संपतो तिथे मार्लीन ओदीलचे मनगट धरून थांबली.

“चल ना, ममा.”

“रस्ता दिसत नाही.”

“तू मान काढून बघ ना, बघतेस तशी.”

“नाही. आता रस्त्यात उतरायचं नाही, सही केलीय मी.”

रस्त्यात पाऊल न टाकता त्या उभ्या राहिल्या. इतर आया मान काढून, पोरांना ओढत पळाल्या. कुणीतरी जाता जाता म्हणाले, “अगं, घंटा होईल!” घंटा झाली. भाजीची गाडी गेली. पाव खात रेजी बाहेर आला. त्या दोघींना पाहून चघळायचा थांबला, मग व्हॅनमध्ये बसून निघून गेला. मोकळ्या रस्त्यावर मार्लीनने आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे पाहिले आणि मुलीला पलीकडे नेले.

शाळेच्या कचेरीत उशिरा येणाऱ्यांची वही होती. नाव, वेळ, कारण. मार्लीनने आपल्या टपोऱ्या, कारकुनी अक्षरात लिहिले: ‘रस्ता दिसत नव्हता.’

शुक्रवारी तेच लिहिले. सोमवारी तेच. मंगळवारी शाळेची सेक्रेटरी वही तिच्याकडे वळवत म्हणाली, “मिसेस अहिए, रोज काय हे? वरच्यासारखंच म्हणून दोन टिंबं दिली तरी चालतील.”

“नको,” मार्लीन म्हणाली. “पूर्ण लिहिते.”

बुधवारी ओदीलने पेन मागितले. तिला नुकतीच अक्षरे जोडून लिहिता यायला लागली होती. चवड्यांवर उभी राहून, जीभ बाहेर काढून तिने ‘रस्ता’ लिहिला. एक अक्षर चुकले, ते खोडले, परत लिहिले. वर्गात हजेरी चालू होती, तिचे नाव पुकारले गेल्याचे भिंतीपलीकडून ऐकू आले. मार्लीनने तिला घाई केली नाही.