तीन नव्हे, दोन

बबडी दुपारची झोपली की घरातली माणसं आपल्याच घरात चोरपावलांनी फिरायची. आजी चष्मा सापडेना तरी कपाट उघडायची नाही. आणि बबडीची आई, जी तिथली आमदार होती, पाळण्याशेजारी जमिनीवर बसकण मारून शनिवारचं भाष्य लिहायची. पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी, मांडीवर कागद. वाक्य अडलं की पाळणा अडायचा, पाळणा अडला की बबडी जागी. म्हणून तिच्या भाष्यात वाक्यं आखूड असत. लोक म्हणत, बाईंचं लिहिणं कसं नेमकं! त्यांना काय ठाऊक, नेमकेपणा पाळण्यातून आलेला होता.

भाष्य दर शनिवारी सकाळी रेडिओवर लागे. सरकारात कोण काय खातं, कायदा काय म्हणतो आणि विजेचं बिल का फुगतं, याभोवतीच तिचं बहुतेक बोलणं. त्यावरून सभागृहात तिला ‘वीजबाई’ नाव पडलं होतं. विरोधक चिडवायला म्हणत, भाजीवाले कौतुकाने म्हणत. ती दोघांनाही ओ देई.

तिचा एक नियम होता. ज्याच्यावर बोलायचं त्याला मसुदा गुरुवारीच पाठवून द्यायचा. वर एक ओळ लिहायची: चूक दिसली तर कळवा, उत्तर आलं तर तेही वाचून दाखवीन. वकिली करताना लागलेली ही खोड. समोरच्याचं ऐकल्याशिवाय निकाल नाही. बहुतेक लोक उत्तर देत नसत. एकदा पाणीखात्याच्या एका साहेबांनी नुसते स्वल्पविराम दुरुस्त करून पाठवले होते, तर तिने रेडिओवर त्यांचे जाहीर आभार मानले.

या गुरुवारी मात्र दुपार कलली तरी मसुदा टेबलावरच पडून होता. कारण तो जायचा होता भाऊंकडे.

भाऊ म्हणजे ऊर्जामंत्री. तिच्याच पक्षाचे. कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या या पोरीला बोट धरून राजकारणात आणलं त्यांनी, तिकिटासाठी भांडले तेही तेच, आणि बबडी झाली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांत आधी टपकले ते भाऊच. राजकारणात येण्याआधी त्यांनी उमेदीची वर्षं वीजकेंद्रांत बॉयलर दुरुस्त करण्यात घालवली होती. मंत्री झाले तरी हात शिवशिवत. सभागृहात कुणी टर्बाइनला मोटर म्हटलं की अध्यक्षांची परवानगी न घेता उठून दुरुस्त करत.

आणि पुढच्या महिन्यात ऊर्जा समितीचं अध्यक्षपद तिला द्यायचं, हा शब्दही भाऊंचाच. विजेचा प्रत्येक करार ज्या टेबलावरून जातो ते टेबल. निवडून आली त्या दिवसापासून तिचा त्यावर डोळा होता.

“पाठवू नकोस,” नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. दुपारी दवाखाना बंद करून जेवायला आला होता आणि बबडीमुळे कुजबुजत भांडत होता. “थेट शनिवारी वाच. आधी हातात दिलास तर एका फोनवर भाष्य बंद पाडतील.”

“नियम आहे माझा.”

“तूच केलास ना? मग तूच मोड. तुमच्या सभागृहात रोज मोडतात.”

“म्हणून घरात एखादा तरी टिकावा म्हणते.”

“वा! म्हणजे ज्या फांदीवर बसायचं, तिच्या मालकाला कुऱ्हाड दाखवून विचारायचं, चालवू का?”

“तुझं बरं आहे. तुझ्यापुढे माणसं आपणहून तोंड उघडतात.”

“आणि तुझ्यापुढे मिटतात. पण माझा फार तर एखादा पेशंट जाईल, तुझी खुर्ची जाईल.”

ती हसली, पण मसुदा पाठवला नाही. तो घेऊन ती स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेली. कारण दुसरा नियम असा होता, की सासूबाईंना जे कळणार नाही ते रेडिओवर जायचं नाही. सासूबाई गाजरं किसत होत्या, बबडीसाठी.

“वाच,” त्या म्हणाल्या. “पण मागच्या वेळेसारखं ‘तरतुदींच्या अनुषंगाने’ आलं तर मी झोपेन.”

तिने वाचलं. गेल्या थंडीत, कडाक्याच्या त्या आठवड्यात, एका खाजगी वीजकेंद्राने वीज बनवणारे आपले तिन्ही संच बिघडले म्हणून कळवलं आणि बंद ठेवले. वीज कमी पडली, भाव गगनाला भिडला.

“पण आई, बंद ठेवून त्याचा काय फायदा? तर असं बघा. टॅक्सीस्टँडवर गाड्या कमी दिसल्या की भाडं चढतं ना? आता एका मालकाच्या चार गाड्या. तीन भिंतीआड उभ्या केल्या आणि चौथी स्टँडवर आणली. चौथीला मागेल ते भाडं. याचं दुसरं वीजकेंद्र त्या आठवड्यात रात्रंदिवस चालू होतं.”

“मेला चांगलाच बेरकी. आणि खरंच बिघडल्या असतील तर?”

“तेच तपासायला कायदा आहे. बिघाड कळवला की सरकारी निरीक्षकाने जाऊन बघायचं. तो गेलाच नाही. मंत्र्यांच्या कार्यालयाने पाठवलाच नाही. आणि भाऊंनी सभागृहात सांगून टाकलं, तिन्ही बिघडले होते.”

“आणि मालक कोण?”

“भाऊंचे व्याही.”

सासूबाईंचं किसणं थांबलं. “मग नाजूक आहे गं. मुलगी दिलेल्या घराशी कोण वाकडं घेतं?” त्यांनी दुसरं गाजर हाती घेतलं. “पण गाड्या खऱ्या बिघडल्या नव्हत्या, हे तुला कसं कळलं?”

“दुरुस्तीला माणसं बोलावली नाहीत, सुटे भाग मागवले नाहीत. तिन्ही संच ठणठणीत होते.”

“कळलं मला,” सासूबाई म्हणाल्या. “मला कळलं म्हणजे सगळ्यांना कळेल. हीच तर पंचाईत आहे तुझी.”

संध्याकाळी तिने मसुदा पाठवला. पाठवल्यावर ती रिकाम्या पाळण्याचीच दोरी ओढत बसली.

शुक्रवारी दुपारी, बबडी नुकती उठलेली असताना, दारात भाऊ. ना शिपाई ना लाल दिवा. चपला बाहेर काढल्या, कुणी बसा म्हणायच्या आत बसले आणि हात पुढे केले. बबडी अनोळखी माणसाकडे कधी जात नसे, पण भाऊंच्या मांडीवर अशी बसली की जणू तिथलं आरक्षण होतं. त्यांच्या खिशातलं पेन तिने ताबडतोब सरकारजमा केलं.

“वाचलं,” भाऊ म्हणाले. मसुदा चारपदरी घडी करून त्यांनी बरोबर आणला होता. “चांगलं लिहितेस. माझीच विद्यार्थिनी.”

“रागावलात?”

“रागावून काय करू? तू मला आधी दाखवतेस, बाकीचे पाठीत घालतात.” त्यांनी बबडीच्या तोंडातलं पेनाचं टोपण काढलं. “एवढंच विचारतो, हे या शनिवारी नाही गेलं तर आभाळ कोसळणार आहे का? महिनाभर थांब. समितीची अध्यक्ष हो. मग बोल. तेव्हा निरीक्षकालाही तुझ्या सहीने धाडता येईल. नुसतं रेडिओवर बोलून काय होतं पोरी? खुर्चीवरून बोललेलं लांबपर्यंत ऐकू जातं.”

खोटं कशाला, तिचं मन डळमळलं. बोलणं वावगं नव्हतं. महिनाभराने हातात खरंच जास्त बळ आलं असतं. पण महिनाभराने ती भाऊंनी दिलेल्या खुर्चीवर बसलेली असती, आणि तेव्हा भाऊंवर बोलायला आणखी महिनाभर थांबावंसं वाटलं असतं. हे कळत असूनही ती चटकन नाही म्हणू शकली नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजसुद्धा बंद झाला होता. सासूबाई कान टवकारून उभ्या असणार.

नकार येईना तसा भाऊंना धीर आला. त्यांनी मसुद्याची घडी उलगडली आणि मास्तर वही तपासतात तसं बोट फिरवायला लागले.

“आणि अजून एक. लिहिताना जरा चौकशी करत जा. हे बघ काय लिहिलंयस. ‘तिन्ही संच ठणठणीत होते.’ कुणी सांगितलं तुला?”

“सुटे भाग मागवले नव्हते. म्हणून म्हटलं.”

“मागवायचे कशाला? नळी भांडारातच पडून होती!” भाऊंचा आवाज चढला. मंत्र्याचा आवाज गेला आणि बॉयलरवाल्याचा आला. “पहिल्या संचाच्या बॉयलरची नळी फुटली होती. टराटरा फाटलेली. मी स्वतः गेलो होतो, आत डोकं घालून बॅटरी मारून पाहिली. चिकटवलं-बिकटवलं नाही, नवी घातली, व्यवस्थित. आणि तू म्हणतेस तिन्ही ठणठणीत! तीन नव्हे, दोन!”

बबडीने पेन खाली टाकलं. ते घरंगळत टेबलाखाली गेलं, तरी कुणी वाकलं नाही.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “म्हणजे दोन गाड्या भिंतीआड होत्या म्हणा की!”

भाऊंनी डोळे मिटले. मग उघडले. चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हे, भर रस्त्यात पायातली चप्पल तुटलेल्या माणसाचं असतं तसं काहीतरी.

“घरातलं बोलणं घरात राहतं,” ते हळूच म्हणाले.

“चहाला आला असतात तर राहिलं असतं, भाऊ. तुम्ही मसुद्याचं उत्तर द्यायला आलात. मसुदा अजून तुमच्या हातात आहे.” तिने कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “सभागृहात तुम्ही सांगितलंत तिन्ही बिघडले. मी लिहिलं तिन्ही ठणठणीत. दोघंही चुकलो. माझी चूक मी उद्या दुरुस्त करणार. ती तुम्ही दाखवलीत, हेही सांगणार.”

“मी म्हटलं, मी असं बोललोच नाही, तर?”

“तर तेही वाचून दाखवीन. संध्याकाळपर्यंत फोन करा. पण मग ती नळी तुम्ही पाहिलीच नाही, असंही म्हणावं लागेल.”

भाऊ खरोखर विचारात पडले. फाटलेली नळी डोळ्यांनी पाहून ‘पाहिली नाही’ म्हणायचं, हे त्यांना बाकी सगळ्यापेक्षा जड जात असावं. त्यांनी बबडीला आईच्या मांडीवर दिलं आणि उठले.

“समितीचं विसर,” दारात चपला घालताना म्हणाले. धमकी नव्हती, बस चुकली हे सांगावं तसा सूर.

“विसरले.”

“लगेच?”

“नाही. जरा वेळ लागेल.”

यावर भाऊ हसले, म्हणजे हसू आवरता आलं नाही म्हणून हसले, आणि जिना उतरून गेले.

संध्याकाळ झाली. ती भाष्य नव्याने लिहीत होती आणि नवरा दर थोड्या वेळाने फोन उचलून कानाला लावत होता.

“काय करतोस?”

“चालू आहे ना, बघतोय. आला आणि लागलाच नाही असं नको.”

फोन आला नाही. शनिवारी सकाळी कपड्यांच्या कपाटात शिरून, रजयांच्या मधे बसून तिने फोनवरून रेडिओला भाष्य वाचून दिलं. त्या घरात दुसरीकडे कुठे शांतता नव्हती. “माझ्या मसुद्यात एक चूक होती,” तिने सुरुवात केली. “ऊर्जामंत्र्यांनी ती स्वतः येऊन दाखवली. एक संच खरोखर बिघडला होता, आणि तो नीट दुरुस्त झाला. बंद ठेवलेले धडधाकट संच तीन नव्हे, दोन. उरलेल्या दोन संचांचं कारण मला अजून मिळालेलं नाही. निरीक्षकाला मिळालं पाहिजे. कायदा तसंच म्हणतो.” बाहेर येताना डोक्यावर एक स्वेटर लटकत होता. सासूबाईंनी तो काढला, आणि का कोण जाणे, तिच्या गालावरून हात फिरवला.

सोमवारी सभागृहात विरोधकांनी एकच गिल्ला केला. दोन की तीन? मंत्र्यांनी सांगावं! खात्याच्या सचिवांनी भाऊंच्या हाती छापील उत्तर दिलं. ती मागच्या बाकावर होती. छापलेलं काय असणार ते तिला ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं. भाऊ उभे राहिले, कागद चष्म्यासमोर धरला, घसा खाकरला. दोन शब्द वाचले. आणि थांबले.

“हे ज्याने लिहिलं त्याने बॉयलर पाहिलेला नाही,” ते म्हणाले. “मी पाहिलाय. एक बिघडला होता. दोन नव्हते.”

गिल्ला करणारे विरोधक एकेक करून खाली बसले. मग भाऊंनी निरीक्षक धाडल्याचं सांगितलं, चौकशी होईपर्यंत खातं सोडत असल्याचं सांगितलं, आणि खाली बसले.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी तिला गाठलं. भोवती माणसांचा गराडा होता, तरी वाट काढून आले.

“व्याही बोलत नाहीत,” म्हणाले.

“आणि लेक?”

“लेकीचा सकाळीच फोन. म्हणाली, बाबा, नवी नळी कोणी घातली हो, तुम्हीच ना?” त्यांनी मान हलवली. “घरात तेवढंच एक पोर माझ्यावर गेलंय.” मग जरा घुटमळले. “पुढचा मसुदाही पाठव. चूक सापडली तर सांगेन.”

“आता तुमच्याकडे खातं नाही, भाऊ.”

“चूक काढायला खातं कशाला लागतं?”

ती सदस्यांच्या खोलीत आली. सासूबाई बबडीला घेऊन वाट बघत होत्या, बबडी भुकेने रडून लाल झाली होती. तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, पाठ भिंतीला लावली आणि लेकीला पदराखाली घेतलं. रडणं एकदम थांबलं. दाराबाहेर ऊर्जा समितीवर कोण, याची घासाघीस जोरात चालू होती. कुणीतरी ‘टाय’चं नाव घेतलं. उन्हाळ्यातही टाय लावणारे ते पुढच्या बाकावरचे गृहस्थ. मग टाळ्या वाजल्या.

“तुझी खुर्ची गेली वाटतं,” सासूबाई म्हणाल्या.

“गेली.”

वाईट वाटतंय का, म्हणून तिने आत चाचपून पाहिलं. थोडं वाटत होतं. पण मांडीवर बबडीचे डोळे जड होत चालले होते, तिची इवली मूठ हळूहळू सैल होत होती.

“आई, दार तेवढं लोटा हो,” ती कुजबुजली. “झोपतेय.”